आरव्हीचा फ्रिज आणि बाबांचं इन्सुलिन: ॲरिझोनातले अकरा महिने

"नवा फ्रिज बसवावा लागेल, २,४०० डॉलर." फिनिक्समधल्या सर्व्हिस सेंटरने गाडी तीन आठवडे अडकवून, वर तपासणीचे १९० डॉलर घेऊन हे उत्तर दिलं, तेव्हाच हा अनुभव लिहायचा ठरवलं. गाडी म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घर: २४ फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली), सेकंडहँड, गेल्या फेब्रुवारीत घेतलेली. इंजिन, बेड, स्लाइडआउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) ठीक. गॅलनला ९ मैल मिळतात, ते धरूनच घेतली होती. माझा सगळा राग फ्रिजवर.

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. लास व्हेगासजवळच्या व्हॅली ऑफ फायरमध्ये मुक्काम केला. संध्याकाळी ते लाल खडक पेटल्यासारखे दिसायला लागले आणि आई खुर्ची टाकून अंधार पडेपर्यंत बसून राहिली. त्या दुपारी बाहेर ४० अंश होतं. वीज जोडलेली होती, तरी दही आंबलं म्हणून फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला: १४ अंश! त्याच कप्प्यात बाबांचं इन्सुलिन होतं, आणि न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. सगळ्या जोडण्या सोडून, गाडी काढून ओव्हरटन गावातून बर्फ आणला. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

तेव्हा मी या फ्रिजला भंगार म्हणत होतो. जुलैत मागची जाळी काढून बसलो आणि मत बदललं. यात कॉम्प्रेसर नाही. गॅसच्या ज्योतीने किंवा विजेने अमोनिया-पाण्याचं द्रावण तापतं, अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या पत्र्यांत थंड होऊन पातळ होते आणि आत उतरून गारवा देते. उतरण्याचं काम गुरुत्वाकर्षणाचं, म्हणून गाडी सपाट उभी हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मागची गरम हवा बाहेर पडली नाही तर सगळं व्यर्थ, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या गाडीत पत्रे आणि भिंत यांत चार बोटं फट होती. वारा पत्र्यांना न शिवता फटीतूनच वर निघून जायचा. फट पत्र्याने बुजवली, १२ व्होल्टचे दोन पंखे लावले. खर्च ४६ डॉलर. ऑगस्टमध्ये दारात ४१ अंश असताना आत ६ अंश! त्या रात्री बाबांना फोन करून आकडा सांगितला.

ऑक्टोबरात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर पुन्हा अडलं. तिथली उंची साधारण ७,००० फूट. हवा विरळ, गॅसची ज्योत दोनदा विझली. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये वीज नाही आणि जनरेटर ठरावीक वेळेतच. इतक्या उंचीवर जायचं असेल तर ट्रेलर व्हिलेजमधली वीजवाली जागा घ्या, महाग पडली तरी.

आणि मग जानेवारीत ॲरिझोनातलं क्वार्टझाइट गाव. तिथल्या सरकारी वाळवंटात गाडी लावून राहायचे तेव्हा १४ दिवसांचे ४० डॉलर होते, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्खा हंगाम १८०. वीज नाही. फ्रिज दोन आठवडे फक्त गॅसवर चालला, थर्मामीटर ४ वर स्थिर, गॅसचा काटा जेमतेम हलला. कॉम्प्रेसरचा फ्रिज असलेल्या शेजाऱ्यांना ढगाळ दिवशी बॅटरीसाठी जनरेटर लावावा लागत होता. त्या पंधरवड्यात या फ्रिजवर माझा खरोखर जीव जडला.

तरीही मार्चमध्ये बाबा परत येतील तेव्हा इन्सुलिन यात ठेवणार नाही. त्यासाठी २३० डॉलरचा छोटा कॉम्प्रेसरवाला डबा घेतला आहे. जुनी आरव्ही घेणार असाल तर मालकाला आदल्या दिवशीच फ्रिज लावून ठेवायला सांगा आणि थर्मामीटर स्वतःचा न्या. फ्रीझरमध्ये बर्फ दिसला म्हणून समाधान मानू नका. माझ्याही फ्रीझरमध्ये बर्फ होता. आणि उन्हाळ्यात फ्रिजची बाजू उत्तरेकडे करून गाडी लावा, त्याला पैसे पडत नाहीत.