कोर्टनाक्यावर कर्जाची तडजोड : फी शून्य, पण सही शेवटची

थकलेल्या कर्जाची ‘सेटलमेंट’ करून देणाऱ्या खासगी कंपन्या महिन्याची फी घेतात आणि वर सुटलेल्या रकमेवर टक्केवारी लावतात. हप्ते बंद करा, बाकीचं आम्ही बघतो, हा त्यांचा पहिला सल्ला. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, ठरतं आणि ऑटो-डेबिट परत गेलं की २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, हे मात्र सांगायचं राहून जातं. तेच काम ठाण्यात कोर्टनाक्याला जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत, म्हणजे दोन्ही बाजूंना बसवून तडजोड घडवणाऱ्या मंडळापुढे, होतं. तिथे कोर्ट फी लागत नाही. आधीच दावा दाखल असेल आणि तो तडजोडीत मिटला, तर भरलेली फीही परत मिळते.

आमचं मत आधीच सांगतो : पाचपैकी साडेतीन. एकरकमी किंवा तीन-चार हप्त्यांत देण्याइतके पैसे ज्याच्याकडे जमणार आहेत, त्याला याहून चांगली जागा नाही. ज्याला नुसती मुदत हवी आहे, त्याचं इथे फारसं भागत नाही. लोकअदालतीचं पॅनल निकाल देत नाही, बँकेला रक्कम कमी करायला भाग पाडत नाही. दोघांनी मान्य केलं तरच निवाडा होतो, नाहीतर प्रकरण जिथून आलं तिथे परत जातं.

लोकअदालतीत फक्त बँकाच प्रकरणं टाकतात असा समज आहे. कर्जदारालाही दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा होण्याआधीच, अर्ज करता येतो, साध्या कागदावर, मराठीत. सोबत कर्ज खात्याचा उतारा, करारपत्राची प्रत, आलेल्या नोटिसा, ओळखपत्र आणि पत्ता लावायचा. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. मोफत वकिलासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे, पण स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना ती लागू नाही. कर्जावर बायको सहकर्जदार असेल तर तिच्या नावाने अर्ज करावा. ही सोय असून बहुतेक घरं वापरत नाहीत. विचारपूस करायला १५१०० ही हेल्पलाइन आहे.

बँकेकडून आलेली लोकअदालतीची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. गेलं नाही म्हणून वॉरंट निघत नाही, एकतर्फी हुकूमही होत नाही. वसुलीवाले मात्र तोच कागद दाखवून घाबरवतात. चेक बाऊन्सच्या, म्हणजे कलम १३८ च्या कोर्टाचं समन्स वेगळं. ते चुकवलं तर वॉरंट खरोखर निघतं. तिसरा कागद लवादाचा, म्हणजे करारानुसार कोर्टाबाहेर निकाल देणाऱ्या त्रयस्थाचा. लवाद कर्ज देणाऱ्या कंपनीने एकटीने नेमला असेल, तर पहिल्याच तारखेआधी लेखी हरकत पाठवावी. अशी एकतर्फी नेमणूक चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आहे.

जाण्याआधी दोन आठवडे शाखेत किंवा कंपनीच्या कलेक्शन विभागात बोलून ठेवावं. टेबलावर बसणाऱ्या प्रतिनिधीकडे सूट द्यायचा अधिकार ठरावीक मर्यादेपर्यंतच असतो. त्या दिवशी ‘वर विचारून सांगतो’ म्हणाला की दिवस वाया गेला. थकबाकीची फोड लेखी मागावी : मुद्दल किती, व्याज किती, दंड किती. समजा मागणी ३,१५,००० ची आहे आणि त्यात मुद्दल २,४०,००० आहे. बोलणी वरच्या ७५,००० पासून सुरू करायची. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जात, आणि जुन्या कर्जात उशिरात उशिरा ३० जून २०२४ पासून, दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर तिथे बोट ठेवावं. घरखर्चाचा एक पानाचा ताळेबंदही न्यावा. पगार, भाडं, शाळेची फी, औषधं आणि उरलेला आकडा. पॅनलला तो आकडा लगेच पटतो.

खरा धोका तडजोडपत्रात असतो. लोकअदालतीच्या दिवशी गर्दी असते, छापील मसुदा पुढे सरकवला जातो आणि लोक रक्कम वाचून सही करतात. सर्वांत वाईट वाक्य बहुधा शेवटून दुसरं असतं : एक हप्ता चुकल्यास मूळ मागणीची संपूर्ण रक्कम देय होईल. ते बदलून घ्यावं. १५ दिवसांची सवलत आणि चुकल्यास फक्त तडजोडीतली उरलेली रक्कम, एवढं तरी मागावं. पैसे फक्त कर्ज खात्यातच भरायचे, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. १३८ किंवा २५ ची तक्रार आणि लवादाचं प्रकरण मागे घेणं, जामीनदाराची मुक्तता, तारण म्हणून दिलेले कोरे चेक परत, नो ड्यूज (काही देणं नाही असा दाखला) किती दिवसांत आणि पतइतिहास ठेवणाऱ्या सिबिलला ‘सेटल्ड’ (सूट घेऊन मिटवलेलं) जाणार की ‘क्लोज्ड’ (पूर्ण फिटलेलं), हे सगळं नावानिशी लिहिलेलं हवं. ऑटो-डेबिटचा हुकूम स्वतःच्या बँकेत जाऊन वेगळा रद्द करावा, नाहीतर मिटलेल्या कर्जाचा हप्ता पुन्हा धडकतो आणि बाऊन्सचे चार्जेस लागतात. पगार कर्ज देणाऱ्या बँकेतच जमा होत असेल तर पगाराचं खातं आधी दुसरीकडे हलवावं.

एवढी काळजी अशासाठी की निवाडा हा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मानला जातो. त्यावर अपील नाही. फसवणुकीसारखं कारण असेल तर उच्च न्यायालयात रिट, एवढाच मार्ग. चेक बाऊन्सच्या प्रकरणातला निवाडाही दिवाणी हुकूमनामाच ठरतो (सर्वोच्च न्यायालय, २०११), त्यामुळे हप्ता चुकला की थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज. मग पगार जप्तीत पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश वाचतो. पीएफ आणि स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत.

घरकर्जाला ही सेवा तोकडी पडते. सरफेसीची (बँकेला कोर्टाविना तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस आली असेल तर लेखी आक्षेप बँकेकडे द्यावा, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली की डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला ४५ दिवस मिळतात आणि लोकअदालतीच्या तारखेची वाट बघताना ते निघून जातात. पतसंस्थेच्या कर्जात सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाल्यावर पुनरीक्षणासाठी, म्हणजे वर फेरतपासणी मागायला, निम्मी रक्कम भरावी लागते, म्हणून दाखला निघण्याआधीच, उपनिबंधकाच्या नोटिशीच्या टप्प्यावर हजर राहावं. बिनपरवाना सावकार असेल तर लोकअदालत नको. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करावी.

दिवाळखोरीचं म्हणाल तर सामान्य माणसासाठी २०१६ च्या नव्या कायद्याचा भाग अजून लागू झालेला नाही. मुंबईच्या हद्दीतल्या मुलुंडकराला १९०९ चा दिवाळखोरी कायदा, हद्दीवरचा चेकनाका ओलांडून आलेल्या ठाणेकराला १९२० चा. त्यात अर्जासाठी किमान कर्ज अजून ५०० रुपये लिहिलेलं आहे.

नवी मुंबईकरांसाठी एक गोष्ट. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, त्यांना बेलापूरचं न्यायालय जवळ. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडात, तिथला अर्ज पनवेलच्या तालुका विधी सेवा समितीकडे. पत्ता नवी मुंबई लिहिला म्हणून कोर्टनाक्याला अर्ज दिला, तर एक फेरी फुकट जाते.