सोल्डरिंगसाठी पकड कोणती घ्यावी: हेल्पिंग हँड, पीसीबी होल्डर की उलटा चिमटा?

सोल्डर गोठत असताना भाग केसभर जरी हलला तरी जॉइंट कच्चा राहतो. वरून मळकट, खडबडीत दिसतो आणि पुढे ‘कधी चालतं, कधी नाही’ हे दुखणं मागे लागतं. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. ६०/४० मात्र १८३ ते साधारण १९० अंशांच्या मध्ये खिमटीसारखं मऊ असतं, तेवढ्यात धक्का लागला की जॉइंट गेला. म्हणून ६०/४० वापरत असाल तर पकडीत काटकसर नको.

बहुतेक जण पहिल्यांदा हेल्पिंग हँड घेतात: दोन क्रोकोडाइल क्लिप, एक भिंग आणि खाली लोखंडी बैठक. दोन वायरी जोडायच्या असतील किंवा ऑडिओ जॅकला वायर लावायची असेल, तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण क्लिपचे दात वायरच्या आवरणात रुततात आणि धातूचे जबडे उष्णता ओढून घेतात. जबड्यांवर हीट श्रिंक (गरम केली की आकसून बसणारी नळी) चढवली की दोन्ही त्रास कमी होतात. नाजूक डायोडच्या पायाला मात्र क्लिप हीट श्रिंक न चढवताच लावा, तिथे तिने उष्णता ओढलेली बरी. घेताना बैठक जड आहे ना आणि सांध्यांचे स्क्रू घट्ट बसतात ना, एवढं दुकानातच हाताने तपासा. आणि भिंग खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. किरण एका जागी जमून टेबल जळू शकतं.

सर्किट बोर्डासाठी मात्र मी हेल्पिंग हँड सुचवणार नाही. बोर्डाच्या वजनाने क्लिप हळूहळू खाली झुकतात. त्यासाठी पीसीबी होल्डरच हवा. खाचा असलेले दोन जबडे, त्यातला एक स्प्रिंगवर सरकणारा. त्यामुळे बोर्ड दोन्ही कडांना धरला जातो आणि उलटाही करता येतो. उलटताना रेझिस्टर गळून पडू नयेत म्हणून त्यांचे पाय थोडे फाकवून ठेवा. तुमचा सर्वांत मोठा बोर्ड मोजून मगच होल्डर निवडा. सुट्या वायरींना याचा काही उपयोग नाही.

उलटा चिमटा दाबला की उघडतो, सोडला की धरून ठेवतो. एलईडीचे पाय, लग (वायरीच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा), बारीक वायर यांना उत्तम. एसएमडीसाठी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या बारीक भागांसाठी, तो अनेक जण सुचवतात, मला पटत नाही. ०८०५ मापाचा रेझिस्टर जेमतेम २ × १.२५ मिमीचा, स्प्रिंगचा दाब जरा जास्त झाला की तो उडतो आणि मग सापडत नाही. तिथे बारीक टोकाचा साधा चिमटा घ्या, बोटांना दाब कळतो. एका पॅडवर (भाग जिथे सोल्डर होतो तो बोर्डावरचा धातूचा ठिपका) आधी थोडं सोल्डर घ्या, ते वितळवून त्यात भाग सरकवा, गोठू द्या आणि मग दुसरी बाजू करा.

बर्ग स्ट्रिपसाठी, म्हणजे ओळीने असलेल्या पिनांच्या पट्टीसाठी, वेगळं काही घेऊच नका. पिना जुन्या ब्रेडबोर्डात (भाग नुसते खोचायचा छिद्रांचा प्लास्टिकचा बोर्ड) खोचा, वर नॅनो किंवा ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ठेवा, आधी दोन टोकांच्या पिना सोल्डर करा आणि बोर्ड सरळ बसला का ते पाहून उरलेल्या करा. एका जागी आयर्न फार वेळ टेकवू नका, खालचं प्लास्टिक वितळतं. कनेक्टर जागेवर ठेवायला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) वापरा, ती सुमारे २६० अंशांपर्यंत टिकते. सेलोटेप आकसते आणि गोंद चिकटून राहतो.

बोर्डच जास्त करणार असाल तर आधी होल्डर घ्या आणि जोडीला चांगला साधा चिमटा. वायरींचंच काम असेल तर जड बैठकीचा हेल्पिंग हँड पुरेसा आहे.