प्रमोटर निवडताय? मग फ्लास्क कधी उचलणार ते आधी ठरवा

ई. कोलाय या जीवाणूत जनुक चालू करायचाय आणि समोर प्रमोटरचे, म्हणजे जनुकाआधीच्या डीएनएतल्या ‘बटणा’चे, तीन पर्याय आहेत: आरआरएनबी पी१, ऑसएमवाय आणि टी७. ‘यातला सगळ्यात स्ट्राँग कोणता?’ हा प्रश्नच अर्धा आहे. पेशी काढायला दुपारी फ्लास्क उचललात तर एक पुढे असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उचललात तर दुसरा.

आरआरएनबी पी१ हा रायबोसोमल आरएनएचा प्रमोटर. ३७ अंशांवर एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात पेशी दर २० मिनिटांनी दुप्पट होतात तेव्हा तो सुसाट असतो. आरएनए पॉलिमरेजला प्रमोटरवर बसवणारा सिग्मा-७० हा घटक तर असतोच, शिवाय फिस हे प्रथिन जोर लावतं. खाणं संपत आलं की पीपीजीपीपी हा उपासमारीचा संकेतरेणू साचतो, डीकेएसए या प्रथिनाच्या जोडीने तो प्रमोटरला गप्प करतो. फिसही तोवर जवळजवळ नाहीसं झालेलं असतं.

ऑसएमवायचं उलटं. त्याचा भर सिग्मा-३८वर, म्हणजे आरपीओएसवर. लॉग फेजमध्ये, म्हणजे पेशी झपाट्याने वाढत असताना, हा सिग्मा तयार झाला तरी क्लपएक्सपी हा प्रथिनं तोडणारा प्रोटीएज त्याचा फडशा पाडतो. उपासमार सुरू झाली की तो टिकतो. प्रथिन पेशीला विषारी असेल तर मी आधी यालाच संधी देईन: वाढ उरकलेली असते आणि जनुक चालू करायला घालायच्या आयपीटीजी या रसायनाचा खर्चही नाही. फक्त नळ आपल्या हातात राहत नाही. माध्यमात मीठ वाढलं तरी तो उघडतो, आणि उपाशी पेशीची प्रथिनं बनवायची ताकदही तोवर ओसरलेली असते.

भरपूर प्रथिन हवं असेल तर टी७. बीएल२१(डीई३) या ई. कोलायच्या वाणात टी७ प्रमोटर वाचणारं टी७ पॉलिमरेज लॅकयूव्ही५ या आयपीटीजीने उघडणाऱ्या प्रमोटरच्या ताब्यात असतं, म्हणून इंडक्शनची, म्हणजे जनुक चालू करायची, वेळ आपण ठरवतो, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात कल्चर दाट होत आलं की आयपीटीजी न घालताही गळती सुरू होते. माध्यमातला लॅक्टोजचा अंश आणि ग्लुकोज संपल्यावर पेशीत वाढलेला सीएएमपी हा संकेतरेणू यांचा त्यात हात असतो. संशोधक स्टुडिअर यांनी २००५मध्ये याच खोडीतून ऑटोइंडक्शन, म्हणजे आपोआप जनुक चालू करणारं, माध्यम बांधलं. गळती नको असेल तर थोडं ग्लुकोज घाला.

आता खरी मेख. या प्रमोटरांची तुलना जीएफपी हे चमकणारं प्रथिन लावून सकाळी एकदाच मोजलीत तर फसाल, मीही फसलोय. साधं जीएफपी पेशीत सहज दिवसभर टिकतं. सकाळी दिसणारी चमक रात्रीची कमाई असू शकते. प्रमोटर केव्हाच थांबलेला असतो. दर दहा मिनिटांनी मोजा, जीएफपी किती वाढलं ते काढा आणि त्याला ओडीने, म्हणजे पेशी किती आहेत ते सांगणाऱ्या गढूळपणाच्या मापाने, भागा. किंवा एलव्हीए शेपटीचं लवकर नष्ट होणारं जीएफपी वापरा. ओडी ०.६ला ‘मिड-लॉग’ म्हणायची सवय आहे, पण एलबीत वाढीचा वेग ०.३च्या आसपासच मंदावू लागतो, म्हणून आरआरएनबीचे आकडे त्याआधीच घ्या. आणि रात्रभरच्या कल्चरमधून थेट सुरुवात करू नका: शंभरपट पातळ करा, थोडं वाढू द्या, मग पुन्हा पातळ करा, नाहीतर जुनं जीएफपी नव्या ग्राफमध्ये येऊन बसतं.