खानापूर भागातील मौनसाधना: तीन रात्रींचा अनुभव

बेळगावहून खानापूरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून थोडे आत, कॅथलिक भगिनींनी चालवलेले एक साधनागृह आहे. ऑगस्टमध्ये गुरुवारी सायंकाळपासून रविवारी दुपारपर्यंत मी तेथे मौनसाधनेसाठी राहून आलो. मी स्वतः मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीतला असून अकरा वर्षे चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवतो. गेले वर्षभर मात्र प्रार्थना केवळ ओठांवर उरली होती, आणि आदल्या रात्री पाठ केलेला धडा सकाळी मुलांपुढे ओतून मी घरी येत होतो. मधल्या काळात दोन संजीवन सभांना, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या मेळाव्यांना, गेलो. तेथे चढलेला उत्साह खरा होता, पण तो बुधवारपर्यंतसुद्धा टिकला नाही. शेवटी रविवारच्या शाळेतून मुक्त करावे, अशी विनंती करणारे पत्र पाळकांच्या नावे लिहिले आणि ते बायबलमध्ये ठेवूनच मी या साधनेला गेलो.

येथील पद्धत येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकावर आधारलेली आहे. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेली ही साधना मुळात चार टप्प्यांची, सुमारे ३० दिवसांची आहे. तीन दिवसांत तिची तोंडओळखच होते. जाहिरातीत हे स्पष्ट सांगायला हवे होते, कारण माझ्यासोबतचे काही जण पूर्ण साधना मिळेल या समजुतीने आले होते. पहाटे साडेपाचला घंटा होते, दिवसातून चार वेळा प्रत्येकी एक तास शास्त्रवचनावर मनन, आणि रात्री पंधरा मिनिटे दिवसाचे परीक्षण: आधी उपकार आठवायचे, मग प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्याचा एक निश्चय करायचा. प्रवचने फारशी नाहीत. ज्याला व्यासपीठावरून आवेशाने बोललेले ऐकण्याची सवय आहे, त्याला पहिला दिवस अगदी रिकामा वाटेल. मलाही वाटला.

या सेवेचे खरे मोल आहे ते रोज मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या वैयक्तिक संभाषणात. माझ्या वाट्याला आलेल्या वयस्क सिस्टर मी बोलत असताना मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, “सर, झोप लागते का? जेवण जाते का?” मी हो म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या की, तसे नसते तर त्यांनी मला आधी डॉक्टरकडे पाठवले असते, प्रार्थनेतला कोरडेपणा आणि औषधाने बरे होणारे दुखणे यांची गल्लत करू नये. हा विवेक मला आमच्या अनेक सभांमध्ये दिसलेला नाही. तेथे निद्रानाशालाही अविश्वास म्हटले जाते.

मननासाठी त्यांनी मला बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय दिला. हा उतारा मी मुलांना कितीदा तरी शिकवला होता, पण एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला बोल लावत नाही, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवून ‘ऊठ, खा’ म्हणतो, आणि तो पुन्हा झोपल्यावर दुसऱ्यांदाही तेच करतो, हा क्रम मी कधी लक्षात घेतला नव्हता. होरेब डोंगराचा चाळीस दिवसांचा प्रवास आणि तेथे ऐकू आलेली देवाची मंद वाणी हे सारे त्या भाकरीनंतरचे आहे.

दुसऱ्या दिवशी मी पत्राविषयी बोललो. इग्नाशियस यांचा एक नियम असा की, मन विषण्ण असताना पूर्वी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. उलट प्रार्थना आणि परीक्षण थोडे वाढवावे. विषण्णतेची कारणेही ते तीन सांगतात: आपला आळस, आपली परीक्षा, आणि सांत्वन, म्हणजे प्रार्थनेत मिळणारा दिलासा, ही आपली कमाई नसून देवाची देणगी आहे हे उमगावे म्हणून. माझ्या बाबतीत पहिले कारण निर्विवाद होते. शिकवण्याच्या तयारीलाच मी प्रार्थना समजत आलो होतो. सिस्टरांनी पत्र फाडायला सांगितले नाही. नाताळनंतर पुन्हा वाचा, एवढेच म्हणाल्या. त्यानंतरच्या रविवारपासून मी धडा बाजूला ठेवून आधी वीस मिनिटे स्वतःसाठी वाचतो. कधी मन लागते, कधी लागत नाही.

राहण्या-जेवणासह १,४०० रुपये घेतले, ते मला वाजवी वाटले. सकाळी उप्पीट, दुपारी भाकरी आणि आमटी-भात असे साधे, गरम जेवण मिळाले. खोल्या स्वच्छ आहेत, मात्र त्या पावसात टॉवेल तीन दिवसांत वाळला नाही. मौनाची शिस्त कागदावर कडक आणि प्रत्यक्षात सैल आहे; मोबाइल जमा करून न घेतल्यामुळे शेजारच्या खोलीतून रात्री व्हिडिओचा आवाज येत होता.

माझी मोठी तक्रार भाषेविषयी आहे. छापील टिपणे कन्नड आणि इंग्रजीत होती, गीते कन्नड आणि कोकणीत. तेथे येणाऱ्यांत खानापूर तालुक्यातील मराठी बोलणारे बरेच असतात, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजने आमच्या लोकांना पाठ आहेत. त्यांतले एखादे सायंकाळी म्हटले असते, तर कोणालाही परके वाटले नसते. सिस्टर माझ्याशी मराठीत बोलल्या म्हणून माझे निभावले. ज्यांना कन्नड बोलणाऱ्या मार्गदर्शक मिळाल्या, त्यांचे संभाषण दहा मिनिटांत आटोपत होते.

घरी परतल्यानंतरची सोयही अपुरी आहे. महिन्यातून एकदा पाठपुराव्याची बैठक होते, पण तीही कन्नडमध्ये. मराठीत घ्याल का, असे मी फोन करून विचारले, तेव्हा निदान पाच जण जमले तर घेऊ, असे उत्तर मिळाले. आतापर्यंत आम्ही तिघे झालो आहोत.