आमच्या गावची मोहल्ला कमिटी : एका नागरी सेवेचे परीक्षण

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावात नागरिकांनीच चालवलेली एक मोहल्ला कमिटी आहे. ती कोणाच्या किती उपयोगी पडते आणि कुठे कमी पडते, हे तिची सेवा घेणाऱ्याच्या बाजूने येथे मांडत आहे. सणासुदीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी शांतता समितीची बैठक ही वेगळी बाब. त्या बैठकीत सत्कार होतात, सूचना वाचल्या जातात आणि मंडळी घरी जातात. कमिटीचे काम त्यानंतर सुरू होते.

तिची सर्वांत मोलाची सेवा म्हणजे अफवेची शहानिशा. भडकावू मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागला की कमिटीचे दोन सदस्य, एक हिंदू आणि एक मुस्लिम, एकाच मोटारसायकलवरून त्या जागी जातात आणि तिथूनच दोघांच्या आवाजातला एकच ऑडिओ सगळ्या ग्रुपवर पाठवतात. गेल्या पावसाळ्यात मंदिराच्या पायरीवर मांस टाकल्याचा फोटो गावभर फिरला, तेव्हा किराणा दुकानदार काका आणि गॅरेजवाले मिस्त्री असे दोघे तिथे पोहोचले. आमच्या मंदिराची पायरी काळ्या दगडाची आहे आणि फोटोत पांढरी फरशी होती. "मी पायरीवरच उभा आहे, इथं काही नाही," असे काका म्हणाले आणि लगेच मिस्त्रींचा आवाज आला, "मी पण इथंच आहे, फोटो आपल्या गावचा नाही." बाजारात अर्धी शटर खाली आली होती, ती पुन्हा वर गेली. एकट्या काकांचा निरोप एका वस्तीने आणि एकट्या मिस्त्रींचा दुसऱ्या वस्तीने मानला नसता. दोघे एका जागी उभे आहेत हे कानांनी ऐकल्यावर मात्र शंकेला जागा उरली नाही. एवढ्या साध्या उपायात केवढी ताकद आहे, हे त्या दिवशी दिसले.

मिरवणुकांच्या बाबतीतही काम चोख आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस पुढे ढकलला आणि शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. आमच्याकडेही तसेच ठरले, आणि दुसऱ्या दिवशी जुलुसाच्या वाटेवर पाणी वाटायला रात्रभर जागलेली गणेश मंडळाची पोरे उभी होती.

अशा कमिट्यांचा महाराष्ट्रातील ठळक दाखला भिवंडीचा. १९८४ ची दंगल भोगलेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतील सामान्य माणसांना बसवण्यावर भर होता. आमच्या कमिटीतही दुकानदार, मिस्त्री, शिक्षक अशीच माणसे आहेत, हे तिचे बळ आहे.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. द्वेष म्हणजे केवळ हिंदू-मुस्लिम तेढ, असे धरून ही सेवा उभी आहे. मराठवाड्यात तसे धरून चालत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर गावोगावी दलितांची घरे जाळली गेली, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे अजून आपल्यात आहेत, तरीही कमिटीत बौद्ध वस्तीतील एकही सदस्य नाही. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठा आणि ओबीसी समाजांत जी कटुता आली, एकमेकांच्या दुकानात जाऊ नका असे सांगण्यापर्यंत जी काही ठिकाणी गेली, तिच्याबाबत तर कमिटीने अद्याप तोंडही उघडलेले नाही. स्त्रियाही कमिटीत नाहीत. फोटो त्यांच्याही फोनवर येतो, शहानिशा मात्र पुरुषांच्या ग्रुपवर थांबते.

तरीही ही सेवा इतर गावांनी जरूर उचलावी, असे माझे मत आहे. सुरुवात पत्रके छापण्यापासून करू नये, जोड्या ठरवण्यापासून करावी : प्रत्येक वस्तीतील एक आणि शेजारच्या वस्तीतील एक, दोघांचे नंबर घराघरांत, आणि त्यांत मराठा-वंजारी, सवर्ण-बौद्ध अशा जोड्याही पहिल्या दिवसापासून असाव्यात.