शेंगदाणा तेल: घाण्याचं घ्यावं की रिफाइंड?

घाण्याचं तेल म्हणजे चांगलं आणि रिफाइंड म्हणजे वाईट, असं सरसकट ठरवू नका. तुमच्याकडे तेल किती तापणार आहे, हे आधी बघा.

तळणासाठी तेल साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. घाण्याच्या तेलात मुक्त स्निग्धाम्लं (तेलाच्या रेणूंपासून सुटी झालेली आम्लं) आणि दाण्याचे बारीक कण राहिलेले असतात, म्हणून ते १६० अंशांच्या आसपासच धुरावू लागतं. रिफाइंड तेल २३० अंशांपर्यंत तग धरतं. भरपूर तळण होत असेल तर मी रिफाइंडच घ्या म्हणेन. धूर सुटलेल्या तेलात पदार्थ कडवट लागतो आणि मुळात ज्यासाठी घाण्याचं तेल घेतलं, तो वासही उडून जातो.

मंद आचेवर परतायचं असेल किंवा सॅलडवर कच्चंच घालायचं असेल, तर मात्र घाण्याच्या तेलाला तोड नाही. रिफाइंड करताना तेलाची आम्लता काढतात, रंग उतरवतात आणि शेवटी २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास घालवतात. त्यात थोडं ई जीवनसत्त्वही जातं.

कॅलरीत फरक नाही: मोठ्या चमच्याला सुमारे १२०. दोन्हींत ओलेइक आम्ल हे एकअसंतृप्त स्निग्धाम्ल निम्म्याच्या आसपास असतं, ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्लं जवळपास नसतातच.

ज्याकडे फार कमी लोक बघतात ती बाब म्हणजे दाण्यावरची बुरशी. खराब दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे या बुरशीचं विष, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. रिफाइंड करताना अल्कलीच्या प्रक्रियेत आणि रंग उतरवताना ते बहुतांशी निघून जातं. म्हणून घाण्याचं तेल दाणे निवडून, पारखून घेणाऱ्याकडूनच घ्या. घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घाण्याचं तेल आणूच नका, मालिशसाठीसुद्धा नाही. त्यात दाण्याची प्रथिनं राहतात. पूर्ण रिफाइंड तेलात ती नगण्य असतात, तरी ते वापरण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

तळण अधूनमधूनच होत असेल तर दोन्ही ठेवा. घाण्याच्या तेलाची बाटली लहान घ्या आणि उजेड-उष्णतेपासून लांब ठेवा, कारण ते लवकर खवट होतं. कडक थंडीत दोन्ही तेलं गढूळ होतात, गोठतातही. तो भेसळीचा पुरावा नव्हे; ऊब मिळाली की तेल पुन्हा पातळ होतं.