क्वारंटाईनच्या नावाखाली विकलेला आजारी मासा

सांगली-मिरजेत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे आम्ही मोजकेच लोक. समुद्र लांब, त्यामुळं मासे मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतात, थर्माकोलच्या खोक्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून. विकणाराही एखादाच, म्हणून त्याच्या शब्दावर सगळे चालतात. अशाच एका दुकानदारानं माझी टाकी रिकामी केली. ग्राहक आयोगात तक्रार केली आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची पद्धत इथल्या प्रत्येक हौशी माणसाला कळायलाच हवी.

त्याच्याकडून मी एक पावडर ब्लू टँग घेतला. या जातीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पटकन धरतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच क्वारंटाईन केलेला मासा मागितला आणि त्याचे दीड हजार वेगळे मोजले. "ताई, महिनाभर आपल्याकडं औषधात ठेवलाय, बिनधास्त सोडा टाकीत," असं त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही दिलं. दुकानात मासा खरंच तकतकीत होता. अंगावर एक ठिपका नाही, हातातलं खाणं ओढून घेत होता.

आठवड्याच्या आत तो दगडाला अंग घासायला लागला. मग शेपटीच्या पातळ पडद्यावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसले, आणि पाठोपाठ माझ्या जुन्या क्लाऊनफिशच्या जोडीवरही. ही जोडी मी चार वर्षं वाढवलेली.

फोन केला तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "प्रवासाचा स्ट्रेस आहे, औषध देतो." लेबल नसलेली निळसर बाटली, बाराशे रुपये. चार-पाच दिवसांत ठिपके गेले. "बघा, गुण आला की नाही?" म्हणाला. त्याची सगळी कमाई नेमकी इथंच आहे, म्हणून हे नीट समजून घ्या.

हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीचा. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत साधारण तीन ते सात दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून गळून पडतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर कवच करून बसतो. म्हणजे औषध घाला किंवा साधं पाणी घाला, ठिपके जाणारच. त्या कवचात त्याचे शेकड्यानं तुकडे होतात आणि काही दिवसांनी, कधीकधी काही आठवड्यांनी, ती पिलावळ बाहेर पडून मासा शोधते. दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं सांगणारा एकतर अडाणी असतो किंवा लुबाडणारा. हा माणूस अडाणी नव्हता.

दुसरी लाट आली तेव्हा त्यानं दुसरी बाटली दिली, स्किमर (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) बंद ठेवायला सांगितलं आणि हीटर ३२ अंशांवर न्यायला सांगितलं. सांगलीत, एप्रिलमध्ये! गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांच्या रोगात उष्णता वाढवतात. खाऱ्या पाण्यातला परजीवी वेगळाच, तो ३२ अंशांनी मरत नाही. उलट पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि स्किमर बंद केला की हवा मिसळण्याचा एक मोठा मार्ग जातो. कल्ले आधीच परजीवीनं भरलेले. टँग पंपाच्या तोंडाशी उभा राहून धापा टाकत गेला. क्लाऊनची मादी दुसऱ्या दिवशी, नर त्यानंतर. मला त्या माणसाचा राग पैशासाठी नाही, या तीन जिवांसाठी आहे.

मग मिरजेच्या एका ओळखीच्या माणसानं त्याच दुकानातून मासा आणला आणि पिशवीतलं पाणी आधी तपासलं. डिजिटल चेकरवर तांबं निघालं, ०.१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, ते माप) आसपास. रोग मारायला साधं आयनिक तांबं ०.१५ ते ०.२० पीपीएम लागतं, तेही सलग दोन-तीन आठवडे, रोज मोजून. यापेक्षा कमी तांब्यानं रोग मरत नाही, नुसता दबून राहतो. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०१३ दिसला (साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता), आपल्या टाकीत असतो १.०२५. इतक्या कमी खारेपणातही हा परजीवी दबून राहतो. दुकानात ठिपके का दिसत नव्हते, ते तेव्हा कळलं. मीठही वाचतं आणि आजारी मासा तकतकीतही दिसतो.

त्यामुळं मासा घरी आला की पिशवीतलं थोडं पाणी बाटलीत काढून ठेवा, खारेपणा आणि तांबं मोजा आणि आकड्यासह फोटो काढा. पिशवीत तांबं निघालं तर दुकानदाराला त्याची मात्रा आणि दिवस विचारा. खरंच उपचार करणारा माणूस रोजचे आकडे दाखवतो. तांबं दोन प्रकारचं येतं, आणि किलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेलं) असेल तर मात्रा २ पीपीएमच्या वर असते, म्हणून कुठलं वापरलं तेही विचारून घ्या. दगड आणि शेवंडी-गोगलगायी असलेल्या मुख्य टाकीत मात्र तांबं कधीच घालू नका. दगड ते शोषून घेतात आणि बिनकण्याचे जीव मरतात. उपचार वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीतच करायचा आणि मुख्य टाकी तोवर माशांविना ठेवायची. जाणकार त्यासाठी सहा ते दहा आठवडे सांगतात. माझी टाकी सध्या तशीच आहे.

पैसे परत मागितले तर तो म्हणाला, "जिवंत मालाची गॅरंटी नसते." मासा मेला ही माझी तक्रारच नाही. क्वारंटाईनचे पैसे घेऊन क्वारंटाईन केलं नाही, ही तक्रार आहे. त्यानं कच्ची पावती दिली होती, पण यूपीआयची नोंद आणि ते व्हॉट्सअ‍ॅपचं वाक्य माझ्याकडं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी नोंद केली, मग जिल्हा आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. सांगली, मिरज, कुपवाडमध्ये अशाच "महिनाभर औषधात ठेवलेल्या" माशांना कुणी पैसे मोजले असतील, तर चॅट डिलीट करू नका. अर्ज करा. एकापेक्षा जास्त तक्रारी गेल्या, तर "प्रवासाचा स्ट्रेस" हे उत्तर त्याला तिथं देता येणार नाही.